काहीच कमी नाही

२ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे! मी, आई, तीन बॅगा, आईची कुबडी, तिचा रेडिओ आणि तिच्या तक्रारी. सोफियाहून बस रडतखडत आली. वळण कसं घ्यावं यावरून आईने ड्रायव्हरला वाटेत दोनदा सुनावलं, आणि झाडांमधून डॅन्यूब दिसली तेव्हा क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, नदी पूर्वी याहून रुंद होती. मी इतकी हसले की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं. आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, सगळं झालं. पण नदीच्या रुंदीबद्दल कुरकुर करण्याइतकी ती शाबूत आहे, याचा मला कोण आनंद!

वृद्धनिवासाची इमारत म्हणजे पूर्वीचं बोटीवरच्या कामगारांचं विश्रामगृह. पिवळ्या भिंती, रुंद जिने, अंगणात अक्रोडाचं झाड. आईला तळमजल्यावर नदीकडची खोली मिळाली, मला अगदी वर, छपराखालची. कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना इथे जागा देतात हे वाचूनच मी इथल्या नोकरीसाठी अर्ज केला होता. सोफियातल्या माझ्या लिफ्ट नसलेल्या घरात आई म्हणजे चौथ्या मजल्यावर कोंडलेली वाघीण झाली होती. ते भाड्याचं घर सोडून आले. माझा भाऊ ओग्न्यान प्लोवदिवला असतो आणि आईवर फोनवरून प्रेम करतो, त्यामुळे तिचं जे काय करायचं ते मलाच करायचं होतं.

माझ्या पदाचं नाव ऐका: समाधान मापन अधिकारी! इथले वृद्ध आणि त्यांचे नातेवाईक किती समाधानी आहेत ते विचारायचं, गुण घ्यायचे आणि राजधानीतल्या मुख्य कार्यालयाला कळवायचे. गुण शाळेतल्यासारखेच, दोन ते सहा. दोन म्हणजे नापास, सहा म्हणजे उत्कृष्ट. आई म्हणाली, सहा? कशाबद्दल? तिने याच गावात आयुष्यभर गणित शिकवलं आणि कुणालाही सहा दिला नाही. मला तर नाहीच. मी तिच्या वर्गात होते आणि मला चार.

इथल्या प्रमुख काल्चेवा याही तिच्याच विद्यार्थिनी. दारात आम्हाला घ्यायला आल्या, आईला पाहिलं आणि तोंडातलं च्युइंगम गिळून टाकलं. आईने ते पाहिलं, हे सांगायला नकोच.

५ ऑक्टोबर

कामाला लागले. जेवण कसं, अंघोळीचं पाणी गरम असतं का, परिचारिका नीट बोलतात का, घरचे येतात का, आणि एकूण किती गुण द्याल. उत्तरं ऐकून हसावं की रडावं कळेना. इथे बरं आहे असं कुणी म्हणतच नाही. जेवण कसं विचारलं की म्हणतात, मेलो नाही अजून. झोप कशी? कसली झोप, डोळे मिटून पडायचं झालं. आणि चुकून तोंडातून चांगला शब्द गेलाच, तर लगेच थू थू थू, कानाची पाळी ओढायची आणि खाटेच्या लाकडावर टकटक. दोब्रिंका आजींनी सुनेचं कौतुक केलं आणि घाईघाईत माझ्या बाहीवरच थुंकल्या. मी काही परकी नाही. लहानपणी माझ्या प्रत्येक नव्या फ्रॉकवर शेजारपाजारच्या बायका थुंकल्या आहेत, किती घाणेरडी पोर म्हणून गालगुच्चे घेतले आहेत. दृष्ट लागू नये म्हणून. पण सोफियात राहून मी ते सगळं विसरले होते.

त्सोलो आजोबा मला फार आवडले. मालवाहू बोटीचे कप्तान होते. त्यांनी मला समजावलं, अगं पोरी, ऐकणारा ऐकत असतो. कोण ऐकणारा, म्हटलं तर म्हणाले, नाव घेऊन बोलवू का त्याला? बाजारात माल चांगला आहे म्हणून ओरडलीस तर गिऱ्हाईक येणारच. आपण म्हणायचं, माल सडका आहे बाबा, पुढे जा. आणि एवढे हसले की खोकल्याची उबळ आली. मग सिगारेट मागितली. दिवसभर हेच चालतं: सिगारेट द्या, आलुबुखाराची दारू द्या, स्पेनहून माझ्या कालिनाचा फोन आला का ते बघा. गुण दिले तीन, आणि वरची थुंकी फुकट म्हणाले.

आईनेही तीनच दिले. घेवड्याच्या रश्श्यात पुदिना नाही, टॉवेल खरखरीत, परिचारिकेला पाढे येत नाहीत. ती मात्र थुंकत नाही. गणिताच्या बाईंना असला अडाणीपणा शोभत नाही म्हणते. तिला गरजही नाही. तिच्या तोंडून चांगला शब्द बाहेर पडेल तेव्हा ना!

९ ऑक्टोबर

काल्चेवाबाईंनी खोलीत बोलावलं. मुख्य कार्यालयाकडून पत्र आलंय. त्यांच्या सगळ्या निवासांत आमचे गुण सर्वांत कमी. वसंतापर्यंत सुधारले नाहीत तर परवाना जाणार, इथले लोक कुठे कुठे पाठवणार. बाई बिचाऱ्या रडल्याच. म्हणाल्या, झोर्नित्सा, तूच सांग, जेवण वाईट आहे का? कुणाला कधी ओल्या कपड्यात ठेवलंय का?

खरंच नाही. निवास चांगला आहे. रविवारी अंगण गाड्यांनी भरतं, लेकी सुना फडक्यात गुंडाळून गरम बानित्सा आणतात, सगळ्या मजल्यांवर भाजलेल्या चीजचा वास येतो. माणसं सुखात आहेत आणि ते कबूल करायला घाबरतात, एवढंच. राजधानीतल्या लोकांना थुंकीमागचं प्रेम काय कळणार?

मग मला एक युक्ती सुचली आणि मी माझ्यावरच खूश झाले. गुण विचारायच्या आधी प्रत्येकाकडून एक सरळ वाक्य म्हणवून घ्यायचं: मला इथे काहीच कमी नाही. थुंकायचं नाही, कान ओढायचा नाही, लाकूड वाजवायचं नाही. हात मांडीवर, तळवे वर. माणूस एकदा मोठ्याने म्हणाला की त्याचं त्यालाच पटतं. काल्चेवाबाईंनी मला मिठी मारली.

१२ ऑक्टोबर

पहिले त्सोलो आजोबा. आधी नाहीच म्हणाले. मग खूप चिडवलं त्यांना, एवढ्या मोठ्या नदीला घाबरला नाहीत आणि वाक्याला घाबरता? म्हणाले, तुझ्यासाठी म्हणतो हो, पण काही झालं तर कालिनाला तूच फोन करायचास. तळवे वर केले, छताकडे बघितलं आणि म्हणाले. मला इथे काहीच कमी नाही. हात आपोआप कानाकडे निघाला होता, तो मी धरला.

गुण सहा! पहिला सहा!

एक गंमत झाली. ते बोलले तेव्हा शेजारच्या खोलीतला नळ वाहत होता, व्हरांड्यात कुणी बशा लावत होतं, ते सगळं एकदम थांबलं. अगदी थोडा वेळ. मग पुन्हा सुरू झालं.

१५ ऑक्टोबर

त्सोलो आजोबा तीन दिवसांत सिगारेट मागायला आलेले नाहीत. मीच घेऊन गेले. हसून म्हणाले, नको, काही कमी नाही. चेहरा गुलाबी, तब्येत ठणठणीत, फक्त जेवत नाहीत. भूक नाही असंही म्हणत नाहीत, ताटाकडे नुसतं कौतुकाने बघतात. डॉक्टर येऊन गेले. नाडी तरुणासारखी आहे म्हणाले.

कालिनाला फोन केला. नातेवाईकांचंही समाधान मोजायचं असतंच, तेव्हा तेच वाक्य तिच्याकडूनही म्हणवून घेतलं. ती आधी रडली. मी इतक्या लांब, बाबा तिथे एकटे, जीव तुटतो, असं खूप वेळ बोलली. मग म्हणाली वाक्य. नंतर तिचा आवाज एकदम मोकळा झाला. बरं झालं फोन केलात म्हणाली, छान वाटतंय. नाताळला येणार होते त्याचं तिकीट रद्द करते.

मी तिच्याही नावापुढे सहा लिहिला. का कोण जाणे, पेन थोडं अडखळलं.

२१ ऑक्टोबर

काम झपाट्याने चाललंय. त्सोलो आजोबांनी म्हटलं म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. दुसरा मजला पूर्ण, पहिला निम्मा. ते वाक्य दोब्रिंका आजींनी म्हटलं, त्यांच्या सुनेने म्हटलं, स्वयंपाकघरातल्या दोघींनी म्हटलं. राजधानीहून अभिनंदनाचा फोन आला.

आईला मात्र हे आवडलेलं नाही. ती आणि त्सोलो आजोबा रोज दुपारी पत्ते खेळायचे, म्हणजे भांडायचे. आई पत्त्यांत फसवते. भूमितीत प्राण गेला तरी फसवणार नाही, पण पत्त्यांत राजरोस फसवते, आणि आजोबा तिला नदीवरच्या शिव्या हासडतात. आज तिने मला बोलावून घेतलं. म्हणाली, मी राणी बाहीत लपवली, त्याच्या डोळ्यांदेखत. तो बघत राहिला आणि हसला. झोर्नित्सा, हा माणूस आत नाहीये.

मी म्हटलं, आई, काहीतरीच काय. तर म्हणाली, त्याच्या डोळ्यावर माशी बसली होती. पापणीवर नाही, डोळ्यावर. त्याने हाकलली नाही.

२५ ऑक्टोबर, रविवार

अंगणात एकच गाडी आली. तीही चुकून आलेली, रस्ता विचारायला.

एकेकाला फोन केले. सगळे मजेत. सगळे म्हणतात, आमच्या माणसाला तिथे काही कमी नाही, मग यायचं कशाला? रागाने नाही, कंटाळून नाही. प्रेमाने म्हणतात. दोब्रिंका आजींची सून दर रविवारी यायची, गेल्या रविवारी सासूचे पाय चेपत बसली होती. आज म्हणाली, कोण, हो हो, छान आहेत ना त्या.

आणि वर कुणी वाटही बघत नव्हतं. मी मजल्यामजल्यावर फिरले. खुर्च्या जिथे ठेवल्या होत्या तिथे माणसं. हात मांडीवर, तळवे वर. ऊन डोळ्यांत घुसत होतं तरी मान वळवलेली नाही. बानित्साचा वास नाही.

हे मी केलंय. लिहून टाकते, म्हणजे उद्या मला नाकारता येणार नाही.

२६ ऑक्टोबर

काल्चेवाबाईंना जाऊन सांगितलं की हे बंद करू. त्या टेबलामागे बसल्या होत्या. समोर कागद पडलेले, सही करायची होती, केली नव्हती. म्हणाल्या, कर्मचाऱ्यांनीही म्हणायला हवं म्हणून शुक्रवारी मीच आधी म्हटलं. कित्ती हलकं वाटतंय, झोर्नित्सा. मुख्य कार्यालय ही पद्धत सगळीकडे लावणार आहे, तुझं नाव देऊन.

मी ओरडले. खूप ओरडले. त्या कौतुकाने ऐकत राहिल्या. त्यांचे तळवे वर होते.

मुख्य कार्यालयाला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, आम्ही इथे सगळ्यांनी एकदा म्हणून बघितलं, छानच आहे हो. त्याच्या मागे एवढ्या मोठ्या कार्यालयात कसलाच आवाज नव्हता.

२८ ऑक्टोबर

आता मी विचारत नाही तरी चाललंय. ते एकमेकांना विचारतात. व्हरांड्यातून गेलं की हळू आवाजात ऐकू येतं: तुम्हाला काय कमी आहे? आणि समोरचा काही सांगू लागला, गुडघा दुखतो, लेक येत नाही, की ते हसतात, मान डोलावतात आणि पुन्हा विचारतात. पुन्हा. तो थकेपर्यंत. मग तो म्हणतो, आणि सगळे आवाज थांबतात. नळ, बशा, बाहेरचे कावळे. कुणीतरी कान देऊन ऐकतंय असं वाटतं. मी आता दर वेळी थुंकते. काही होत नाही. थुंकून माझंच तोंड कोरडं पडतं.

तळमजल्यावर न म्हणालेली आई एकटीच उरली आहे. आज सकाळी सगळ्या खुर्च्यांची तोंडं तिच्या खोलीच्या दाराकडे होती. परिचारिकेला विचारलं कुणी वळवल्या, तर ती हसली.

आईने दार आतून लावून घ्यायला सांगितलं. मग म्हणाली, मला इथून ने. मला भीती वाटते. आईच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मी तिला मिठी मारली तर म्हणाली, खुबा, खुबा! मूर्ख मुली!

माझी आई. मला फक्त ही हवी आहे, अशीच.

ओग्न्यानला फोन केला. शनिवारी गाडी घेऊन येतो म्हणालाय. आईला फोन दिला, तिने त्याला टायर तपासून घे म्हणून बजावलं.

३१ ऑक्टोबर, शनिवार

आला नाही.

आम्ही कोट घालून दारात बसलो. अंधारून आलं तेव्हा फोन केला. म्हणाला, हो गं, निघणारच होतो, पण काल तिथून काल्चेवाबाईंचा फोन आला होता. नातेवाईकांचं काहीतरी विचारत होत्या. आई तिथे आहे, तू तिथे आहेस, काही कमी नाही ना तुम्हाला. मग कशाला?

ओग्न्यान, मी म्हटलं, आईला तुझी गरज आहे. तो म्हणाला, छान, छान. किती गोड आवाजात म्हणाला! आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. कोट स्वतःच काढला. मग बराच वेळ बोलत बसली, ही नोकरी गेली तर तू खाणार काय, राहणार कुठे, सोफियाचं घर तर सोडलंस, असं. मी म्हटलं, ते बघू नंतर. तिला नंतर हा शब्द कधीच आवडला नाही.

२ नोव्हेंबर

सकाळी गावात गेले. गाडी ठरवली, स्टेशनजवळचा एक ड्रायव्हर, निवासाशी त्याचा काही संबंध नाही. दार आतून लाव, कुणालाही उघडू नकोस, असं आईला शंभरदा सांगून गेले होते. गाडी घेऊन परत आले तेव्हा दार उघडं.

काय झालं ते स्वयंपाकघरातल्या गेनोवेवाने सांगितलं. ती बटाटे सोलत समोरच बसली होती. काल्चेवाबाई दाराबाहेरून बोलल्या. म्हणाल्या, बाई, फक्त तुमचेच गुण राहिलेत. तुमच्या तीनमुळे झोर्नित्साची नोकरी जाईल, तिला याच महिन्यात जावं लागेल. आई कुबडी टेकत दारापर्यंत आली. मग दार उघडलं. विचारलं, मी म्हटलं तर तिची नोकरी राहील? नक्की? लिहून देशील? आणि केस विंचरले. आणि म्हणाली.

सहा दिला. काल्चेवाला, तिच्या सर्वांत ढ विद्यार्थिनीला. माझ्यासाठी दिला. तिला माहीत होतं काय होतं ते, तिनेच मला माशीचं सांगितलं होतं, तरी दिला.

नोकरी नको होती मला, आई! सांगायचं राहिलं. गाडी दारात उभी होती.

३ नोव्हेंबर

तरी तिला नेलं. गाडीत घातलं, पुढच्या गावच्या इस्पितळात. ड्रायव्हरने वळण इतकं वाईट घेतलं की माझं डोकं काचेवर आपटलं. मी आईकडे पाहिलं. वाट पाहिली. ती बाहेर बघून हसत होती.

डॉक्टर म्हणाले, काही नाही झालेलं. तुमची आई आनंदी आहे. या वयात असं भाग्य कुणाला मिळतं? वॉर्डात जागा नाही म्हणाले. परत आणलं. कुठे नेणार होते?

६ नोव्हेंबर

घेवड्याचा रस्सा भरवला. पुदिना नव्हता. छान आहे म्हणाली. तोंडातला घोट तसाच राहिला, मग हनुवटीवरून ओघळला. मी पुसला आणि हमसाहमशी रडले. आई माझ्या रडण्याकडे कौतुकाने बघत होती, त्सोलो आजोबा ताटाकडे बघायचे तसं.

९ नोव्हेंबर

आजी करायची तसं केलं. चुलीतले निखारे, एका भांड्यात पाणी, एकेक निखारा पाण्यात. तरंगले तर काही नाही, बुडाले तर दृष्ट. माझ्या लहानपणी आई आजीला या गोष्टीवरून किती बोलायची, की आई, कोळसा भिजला की बुडणारच, घनता म्हणतात याला!

सगळे बुडाले. एकही वर राहिला नाही. ते पाणी तिच्या कपाळाला लावलं, पाजलं, दाराच्या कोपऱ्यांवर शिंपडलं.

घनता म्हण ना, आई. एकदा म्हण.

छान, म्हणाली.

१४ नोव्हेंबर

पोलिसांना फोन. ऐकून घेतलं त्यांनी. तक्रार काय आहे नेमकी, विचारलं. कुणाला मारहाण? उपाशी ठेवलंय? कुणी तक्रार केली आहे का? नाही, मी म्हटलं, इथे कुणीच तक्रार करत नाही — तेच तर —

फोन ठेवून दिला त्यांनी.

आता खुर्च्यांची तोंडं जिन्याकडे आहेत. माझ्या खोलीचा जिना.

१७ नोव्हेंबर

सारखं विचारतात. जिन्यात, न्हाणीघराच्या दाराशी. मी उत्तर देत नाही, कानात कापूस घालते. काही सांगितलं की ते संपतं — कळलंय मला आता. परवा रागाच्या भरात म्हटलं, मला माझा भाऊ हवाय! आणि संध्याकाळपर्यंत त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणता येईना. येत नाही. नाव वर लिहिलंय म्हणून माहीत आहे.

तेव्हा बोलायचं नाही. फक्त इथे लिहायचं.

२० नोव्हेंबर

आईने विचारलं.

केस विंचरत होते तिचे. वळून म्हणाली, झोर्नित्सा, तुला काय कमी आहे? कितीतरी दिवसांनी माझं नाव घेतलं. मी सगळं विसरले. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हटलं — तू. तू कमी आहेस मला, आई.

ती हसली. म्हणाली, मी तर इथेच आहे की.

आणि क्षणभर — खरं वाटलं.

२१ नोव्हेंबर

विसरायच्या आत लिहिते. आई ओरडायची. मला बदकासारखी चालतेस म्हणायची. माझी पत्रं लाल पेनने दुरुस्त करून परत पाठवायची. शाळेत मी पडले तेव्हा आधी थोबाडीत दिली, मग गुडघ्यावर फुंकर घातली, आणि फुंकर घालताना तीच रडत होती. ही आई. खालच्या मजल्यावर आहे ती नाही. ही.

२२ नोव्हेंबर

कालचं वाचलं. अक्षर माझंच आहे. पत्रांचं कळतं. गुडघ्याचं — कुणाचा गुडघा?

२४ नोव्हेंबर

चांगली झोप लागली. भीती नव्हती. उठल्यावर भीती नाही म्हणून भीती वाटली, थोडीशी. तीही चहा होईपर्यंत —

थू थू थू. लिहून ठेवते. थू.

२६ नोव्हेंबर

खाली आई बसते त्या खोलीत गेले. गोड म्हातारी आहे. तिच्या हातावर हात ठेवला. का रडू आलं कळलं नाही. मग थांबलं.

२७ नोव्हेंबर

काल्चेवाबाई वर आल्या आहेत. विचारलं. मी म्हटलं, थांबा, मला एक गोष्ट कमी आहे. एकच. ती आधी लिहून ठेवते, मग विचारा.

बरं म्हणाल्या. बसल्या आहेत. दारात बाकीचे. जिन्यावरही. कुणालाच घाई नाही. खालच्या नळाचा आवाज आत्ता थांबला.

होती, एक गोष्ट होती, अगदी जिभेवर आहे. मला कमी आहे ती —